बटणच्या फोटोपुढचं फूल

माझा अजून विश्वास बसत नाहीये. आज दुकान उघडून बसलेय खरी, पण सुईत दोरा जाईल तर शपथ.

आमच्या शेजारच्या फोटोवाल्यांना सगळे 'हलू नका' म्हणतात. पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या माणसाला ते इतक्या वेळा 'हलू नका' म्हणतात की बिचारा श्वास घ्यायलाही घाबरतो. मी त्यांना दादा म्हणते, त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांचा स्टुडिओ आणि माझं शिलाईचं दुकान, मधे एकच पातळ भिंत. त्यांच्याकडचं मला माहीत नाही असं काही नाही, असं कालपर्यंत मला वाटायचं.

दादांचा कुत्रा होता, बटण; तपकिरी, डावा कान कायम अर्धा दुमडलेला. मूल ना बाळ, जे काय लाड ते बटणचे. दादा जिभेने टाळूवर 'टॉक-टॉक-टुर्र' असा आवाज काढायचे, की बटण असेल तिथून धावत सुटायचा. रडकी मुलंसुद्धा त्या आवाजाला गप्प होऊन कॅमेऱ्याकडे बघायची. मग दादांना दम्याने गाठलं. दवाखान्यात ठेवावं लागलं, घरचं बघायला वहिनींचा भाऊ येऊन राहिला, आणि दादा परत आले तर बटण गेलेला. गाडीखाली आला, वहिनी म्हणाल्या. अहो, मला घास गिळवेना! स्टुडिओत बटणचा फोटो लागला. वहिनी रोज सकाळी त्याच्यापुढे ताजं फूल ठेवायच्या.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्याचे केसच यांना बाधत होते. त्यावर दादा म्हणाले, "मेलो असतो, पण त्याला सोडला नसता." वहिनी बटणच्या फोटोपुढचं फूल सारखं करत राहिल्या. तो आवाज मात्र दादांनी पुन्हा काढला नाही.

काल मैदानावर वस्तीचा मेळावा होता, आपापली कुत्री घेऊन या असा. फोटोच्या स्टॉलला माणूस हवा होता. दादांचं मन जरा रमेल म्हणून मी त्यांचं नाव सुचवलं, मागचा निळा पडदाही मीच शिवला. वहिनींनी आकाशपाताळ एक केलं. "यांच्या छातीचं काय?"

"उघड्यावर तर आहे वहिनी, मास्क लावतील," मी म्हटलं. एवढा कसला विरोध, ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

आणि कुत्री कॅमेऱ्याकडे बघतील तर ना! एक पडदा चावतंय, एक स्टुलावर पाठ फिरवून बसलंय, एकाने तर माझ्या नव्या कोऱ्या पडद्यावर तंगडी वर केली. "मेल्या, रात्र जागून शिवलाय तो!" मी ओरडले. रांग खोळंबली, लोक कुरकुरायला लागले. शेवटी दादांनी मास्क खाली ओढला आणि तो जुना आवाज काढला.

रांगेच्या शेवटी "अगं बाई!" म्हणून कुणीतरी किंचाळलं. एक तपकिरी कुत्रा पट्टा फरफटत, माणसांच्या पायांतून वाट काढत आला आणि थेट दादांच्या छातीवर. दादा गवतावर आडवे. मी छत्री उगारली, आणि हात तसाच राहिला. डावा कान अर्धा दुमडलेला. बटण! अहो, बटण! दादा त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून नुसते बघत होते.

काठी टेकत एक म्हातारी आली, धापा टाकत. "सोन्या, खाली उतर! माफ करा हं, असं कधी करत नाही. गुणी आहे फार. याचा मालक वारला, म्हणून माझ्याकडे आला."

दादांनी मान वर केली. "वारला?"

"हो ना. छातीच्या दुखण्याने म्हणे. ज्याने आणून दिला तो माणूस सांगत होता." तिने पट्टा उचलून मनगटाला दोन वेढे दिले. "मी एकटी असते. हा दाराशी असतो म्हणून डोळा लागतो माझा. तुम्ही ओळखता का याला?"

माझ्या मागे काहीतरी आपटलं. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. थर्मास पायाशी पडला होता आणि चेहरा पांढराफटक. आणून देणारा कोण, ते मला तेव्हाच कळलं. वहिनींचा भाऊ, दुसरं कोण!

मला वाटलं, आता दादा बोलणार. म्हणणार, मालक मीच, जिवंत आहे, आण इकडे माझा कुत्रा. माझ्या तर जिभेवरच आलं होतं.

"नाही हो," दादा उठत म्हणाले. "खिशात बिस्किटं असतात माझ्या, त्याचा वास लागला असेल." खिशात रुमालाखेरीज काही नव्हतं. "चांगल्या घरी पडला. बसा त्याला घेऊन, छान फोटो काढतो."

त्यांना धाप लागली होती. "हलू नका," म्हणाले. गरजच नव्हती म्हणा. बटण भिंगाकडे एकटक बघत होता, दादा भिंगामागेच होते ना. दिवसभरात न हललेला तो एकच कुत्रा.

दादांनी सोबतच्या छोट्या प्रिंटरवर दोन प्रती छापल्या. एक म्हातारीला दिली. ती मैदान ओलांडून जाईपर्यंत बटण मागे वळून बघत होता, आणि वहिनी पडद्यामागे रडत होत्या. "डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि तुम्ही त्याला सोडलं नसतंत," त्या म्हणत होत्या. "तो नाहीतर तुम्ही, असं होतं हो. मी काय करायला हवं होतं?"

दादांनी मास्क नाकावर ओढला आणि दुसरी प्रत त्यांच्या हातात ठेवली.

"हा लाव त्या जुन्याच्या जागी," म्हणाले. "आणि शेजारी माझाही लाव. मीही गेलोय ना? उद्यापासून दोन फुलं आण."

आज सकाळी वहिनी स्टुडिओत आल्या तेव्हा मी भिंतीला कानच लावून बसले होते. पलीकडे नुसता खिळा ठोकल्याचा आवाज आला. नंतर काहीतरी निमित्त काढून आत डोकावले, तर बटणचा नवा फोटो एकटाच लागला होता, त्याच्यापुढे फूल नव्हतं, आणि वहिनींनी आणलेलं एकुलतं फूल दादांच्या शर्टाच्या खिशात होतं.