उंबरठ्यावर बसणारी बाई

आमच्या वस्तीत सरकारी आरोग्याचं काम करणारी आशाताई कोणाच्या घरचा चहा घेत नाही. कमी वयाची पोर पोटुशी असल्याचं कळलं की ती आधी बाप असलेल्या पोराच्या घरी जाते, त्याला बोलवायला सांगते आणि तो येईपर्यंत उंबरठ्यावरच बसून राहते.

पूर्वी ती पानठेल्यावर पोरांना निरोध वाटायची. पोरं म्हणायची, "काकू, काकासाठी ठेवा ना."

"काका वापरते म्हणूनच मले दोनच लेकरं आहेत. तू घे."

मीच चार बायका जमवून तिला तिथून हाकललं. "काहून वं, आमची पोरं बिघडवून राहिली काय?" ती न भांडता निघून गेली.

यंदा शेजारची सोळा वर्षांची पोर पोटुशी निघाली. बाप माझा सतरा वर्षांचा नातू. आशाताई दारात आली तेव्हा मी सांगितलं, तो मौद्याला मामाकडे गेला. ती उंबरठ्यावर बसली. तासाभराने नातू स्वतःच बाहेर आला.

"तिच्यात रक्त लय कमी आहे," ती त्याला म्हणाली. "आज दवाखान्यात भरती करा लागते. तू सोबत चाल."

मी म्हणाले, "तिथं पोलीस विचारतीन त्याले."

"विचारू द्या, आजी. चार महिन्यांपासून ती एकटीच उत्तरं देऊन राहिली."

नातू दारात चपला शोधू लागला. त्या मी माझ्या पलंगाखाली लपवल्या होत्या. वाकून काढल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या.