कडुबाच्या हाताची थरथर

छावणीच्या बाजारात कडुबाचं सलून आहे. म्हणजे होतं. मी निवृत्त मास्तर. बायको गेल्यापासून सकाळ घालवायला मला तेवढीच एक जागा. दाढी दिवसाआड, बसणं मात्र रोज. न्हाव्याच्या दुकानात गप्पा फुकट मिळतात म्हणतात, पण हा पिशोरचा गडी मुलखाचा अबोल. त्याच्या वस्तऱ्याखाली माणूस खुर्चीतच घोरायला लागायचा. पलटणीतले जवान बदली झाली की जाण्याआधी शेवटची दाढी त्याच्याकडेच करून जायचे.

साठी जवळ आली आणि त्याचा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची, मग कात्री. मग एकदा माझ्याच गालावर वस्तरा लागला. मी तुरटी लावून घेतली आणि गप्प बसलो, पण बातमी बाजारात पसरायची ती पसरलीच. समोरचा शौकत टेलर इतक्या वर्षांचा दोस्त, तोही हळूच म्हणाला, "कडुबाभाई, मेरी दाढ़ी मशीन से ही कर दो. वस्तरा रहने दो."

कडुबाला गिऱ्हाईक तुटल्याचं वाईट वाटलं, पण त्याची झोप उडाली ती वेगळ्याच कारणानं. लेक तनुजाला लग्नानंतर फार वर्षांनी मुलगी झाली होती, श्रेया. तिचं जावळ काढायचं होतं.

"गुरुजी, सगळ्या गावाच्या लेकरांचं जावळ आमच्या घरानं काढलं," तो मला म्हणाला. "अन् माझ्या नातीच्या डोक्याला दुसऱ्याचा वस्तरा? मंग हे हात ठिवायचे कशाला?"

असं बोलणारा माणूस नव्हे तो. मी त्याला धरून डॉक्टरकडे नेलं. सोबत त्याची बायको वच्छलाबाई. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, कागदावर गोल काढायला लावला, रक्त तपासलं. म्हणाले, हा कंपवात नाही. काही घराण्यांत असा हात थरथरतो. वडिलांचा थरथरायचा का? कडुबा म्हणाला, व्हय. दमा आहे का, नाडी मंद आहे का, हे सगळं पाहून त्यांनी बीटा ब्लॉकरची गोळी लिहून दिली. रक्तदाबालाही हीच देतात, छातीच्या धडधडीलाही.

मग ते वच्छलाबाईंकडे वळले. "यांना मधुमेह आहे, साखरेची गोळी चालू आहे. आजवर साखर खाली गेली की यांना कसं कळायचं?"

"छातीत धडधडतं अन् हात लईच थरथरतात. मंग म्या गूळ देते."

"ते आता कळणार नाही. ही गोळी धडधड आणि थरथर दोन्ही दाबते. घाम मात्र फुटेल. घामावर लक्ष ठेवा. जेवण चुकवायचं नाही. आणि ही गोळी मनानं एकदम बंद करायची नाही, हृदयावर ताण येतो."

वच्छलाबाईंनी मान डोलावली. कडुबा आपल्या हाताकडे बघत होता.

गोळीनं गुण दिला, खोटं का बोला. पंधरवड्यात कपबशी वाजायची थांबली. शौकत येऊन वस्तऱ्यानं दाढी करून गेला आणि जाताना गालावरून हात फिरवत हसला. कडुबा दुकानात गुणगुणायला लागला. मला तर वाटलं, आता या माणसाच्या पाठीमागची साडेसाती सुटली.

जावळ पिशोरला, गावच्या घरी, थंडीच्या दिवसांत ठरलं. मलाही बोलावणं होतं. पोचल्यावर कळलं की कडुबानं देवीला नवस बोलला आहे: हात बरा होऊ दे, नातीच्या जावळाच्या दिवशी ते उतरेपर्यंत तोंडात घास घालणार नाही. मी भडकलोच.

"गोळ्या तरी घेतल्यास का?"

"घेतल्या की. दोन्ही बी. औषधानं उपास मोडत नाय, गुरुजी."

आपल्याकडे हे सगळेच म्हणतात. माझी बायकोही म्हणायची. साखरेची गोळी पोटात आणि पोट रिकामं, याचा अर्थ काय होतो ते त्याला कळलं नाही. मला कळलं, पण मी म्हणालो ते इतकंच की लवकर उरका. लवकर कुठलं? जावळाला बाळ मामाच्या मांडीवर हवं, आणि मामा, म्हणजे कडुबाचा मुलगा अतुल, वाळूजला कंपनीत. त्याची पाळी सुटून तो येईपर्यंत उन्हं डोक्यावर आली.

अतुलनं श्रेयाला मांडीवर घेतलं. तनुजा केस झेलायला कणकेचा गोळा घेऊन बसली. कडुबानं पाणी लावलं आणि वस्तरा धरला. काय हात चालला त्याचा. पोर रडायचंही विसरली. अर्धं डोकं लख्ख झालं आणि वस्तरा थांबला.

मला वाटलं, धार बघतोय. वस्तरा बाळाच्या कानामागं टेकलेला, हात दगडासारखा स्थिर. डोळे मात्र भलतीकडेच.

"बाबा?" तनुजा म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. वच्छलाबाई मागून पुढं आल्या, त्याच्या मानेला हात लावला, आणि हात घामानं भिजला. अंगावर शाल घ्यावी अशी थंडी आणि कडुबाचा सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी नैवेद्याच्या ताटातला पेढा उचलून त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं ओठ घट्ट मिटले.

"नवस हाय," तो दातांतून पुटपुटला. "उतरू दे."

अतुलला हलता येईना, कारण वस्तरा लेकराच्या कातडीला लागलेला. वच्छलाबाईंनी एका हातानं त्याचं मनगट धरून वस्तरा अलगद वर उचलला आणि दुसऱ्या हातानं पेढा त्याच्या दातांत कोंबला. तो गिळेचना. त्या त्याच्या कानाशी रडत म्हणत होत्या, "गिळा, पाया पडते तुमच्या, गिळा." मी साखरेचं पाणी आणलं. बरंचसं सदऱ्यावर सांडलं, थोडं आत गेलं. बऱ्याच वेळानं त्यानं आमच्याकडे ओळख असल्यासारखं पाहिलं.

मग त्यानं श्रेयाचं अर्धं डोकं पाहिलं आणि काय झालं ते न सांगताच त्याला समजलं.

तनुजा म्हणाली, "बाबा, आधी जेवा. मंग तुमीच पुरं करा." त्यानं नकारार्थी मान हलवली. हात अजूनही माझ्या हातापेक्षा स्थिर होता. कडुबा आपल्या हाताकडे सापाकडे पाहावं तसा पाहत राहिला. उरलेलं डोकं भावकीतल्या सांडू नावाच्या न्हाव्यानं केलं. कडुबा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

गावाहून आल्यावर त्यानं ती थरथरीची गोळी आपल्या मनानं मोरीत टाकली. सांगितलेलं सगळं विसरला. दोन-तीन दिवसांत नाडी अशी सुसाट सुटली की शौकतनं त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू केली आणि समजावलं: दोष एकट्या गोळीचा नाही, उपाशीपोटी घेतलेल्या साखरेच्या औषधाचाही आहे. ते औषध बदलू, वेळेवर जेवा, हात स्थिर राहील आणि तुम्हीही राहाल. मीही ओरडलो, विनवलं, शेवटी रागानं चार दिवस दुकानात गेलो नाही.

"नगं, डॉक्टरसाहेब," एवढंच तो म्हणाला. "हात लेकराच्या डोक्यावर, अन् म्या तिथं नव्हतो. थरथरला असता, तर कळलं तरी असतं."

शेवटी डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत सोडवली. थरथर परत आली. दुकानाची खुर्ची शौकतनं फडकं टाकून झाकली. मला आता सकाळी जायला जागा नाही. मी कडुबाच्या घरी जाऊन बसतो.

परवा तनुजा श्रेयाला घेऊन आली. पोरीला दाट केस आलेत. ती रांगत आजोबाकडे गेली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मध्येच थांबवला, बोटं झाडाच्या पानांसारखी हलत होती. वच्छलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, दिवसातून कितीदा विचारतात कोण जाणे, "थरथरतोय का हात?"

"थरथरतोय," कडुबा म्हणाला, आणि मग तो हात त्यानं नातीच्या डोक्यावर ठेवला.