पैठणीच्या सोडतीचा सहावा नियम

तहसील कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईकडे गावातले लोक दोन कारणांनी येतात. एक, अर्ज लिहून पाहिजे असतो. दुसरं, एखादी गोष्ट कायद्यात बसते का ते विचारायचं असतं. तिसऱ्या कारणानं माझ्याकडे कुणी येत नाही. नवरा जाऊन चार वर्षं झाली. मुलगी पुण्याला असते, तिचा फोन रविवारी. म्हणून कुणी अर्ज घेऊन आलं की मी एका पानाचं काम दोन पानांवर नेते, मध्येच चष्मा शोधते, चहा टाकते. तेवढंच माणूस बसतं. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी आमच्या कुरुंद्याच्या महिला मंडळाची अध्यक्षीण आली. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, बोलायला फटकळ, कामाला वाघ.

"काकू, यंदा हळदीकुंकवाला पैठणीचा लकी ड्रॉ ठेवून राहिलो आमी. वीस रुपये कुपन. तुमी जरा बघून द्या, मागून तकलीफ नगं."

मी तिला स्पष्टच सांगितलं. पैसे घेऊन चिठ्ठी विकायची आणि नशिबावर बक्षीस द्यायचं, म्हणजे ती लॉटरी झाली. लॉटरी काढणं हे सरकारचं काम, गावच्या मंडळाचं नाही. देवळासाठी काढली काय अन् शाळेसाठी काढली काय, कारण चांगलं आहे म्हणून कायदा डोळेझाक करत नाही.

"म्हंजे ड्रॉच न्हाई व्हय?" तिचा चेहरा उतरला.

"हाय की. कुपन फुकट वाटा. पैठणीचा खर्च मंडळानं करायचा, कुपनाला एक रुपयाही घ्यायचा न्हाई. मग लॉटरीच व्हत न्हाई."

ती खूश झाली आणि म्हणाली, नियमही तुम्हीच लिहून द्या. मला काय, आयतंच काम मिळालं. दोन संध्याकाळी घालवून मी कागद तयार केला. कुपन मोफत. आत आलेल्या प्रत्येक बाईला एकच. कुपनाचे दोन भाग, दोन्हींवर एकच नंबर, अर्धं हातात आणि अर्धं डब्यात. डबा आधी सगळ्यांना रिकामा दाखवायचा. तीनदा पुकारूनही कुणी आलं नाही तर दुसरी चिठ्ठी काढायची. सहावा नियम असा, की सोडतीचं काम करणाऱ्यांनी स्वतः कुपन घ्यायचं नाही.

"म्हंजे मलाबी न्हाई?" अध्यक्षीण कुरकुरली.

"तूच डबा धरणार अन् तुलाच पैठणी लागली, तर गाव काय म्हणंल?"

हे तिला पटलं. नियम चांगलाच आहे, कुणालाही विचारा. पण मी तो कुणासाठी घातला ते मला ठाऊक होतं. हळदीकुंकवाला कुपन दारातच मिळणार, आधी हळद, मग कुंकू, मग हातात तिळगूळ आणि कुपन. माझ्यासमोर ताट आलं की दारातल्या पोरी काय करतील? हात आखडतील, एकमेकींकडे बघतील. ते मला नको होतं. म्हणून चिठ्ठी काढायचं काम मी मागून घेतलं आणि सहाव्या नियमाच्या आड जाऊन बसले. आता कुपन का नाही, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर कागदावर तयार होतं.

गंमत अशी, की त्या ताटातली हळद माझ्याच घरची होती. माझ्या दोन एकरांतली, माझ्यासमोर दळलेली. अध्यक्षीण वाटी भरून घेऊन गेली होती. हळद चालते, बाई चालत नाही.

त्या दिवशी मी तासभर आधीच गेले आणि मागच्या बाजूनं आत शिरले. डब्याशेजारी खुर्ची टाकून बसले. बायका येत होत्या, हसत होत्या, साड्या बघत होत्या. मी नंबर जुळवत होते. एवढ्या गर्दीत मला घरच्यापेक्षा जास्त एकटं वाटलं.

मग दारात काहीतरी अडलं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी एक म्हातारी उभी होती. तिचा नवरा जाऊन जमाना झाला. ताट धरलेली पोरगी कुंकवाचं बोट हवेतच ठेवून थांबली होती.

"मला कुंकू नगं माय," म्हातारी म्हणाली. "ती चिठ्ठी तेवढी दे. लुगडं निघालं तर नातसुनंला व्हईल."

सगळ्यांनी अध्यक्षिणीकडे बघितलं. अध्यक्षिणीनं माझ्याकडे बघितलं आणि तिथूनच विचारलं, "काकू, नियमात बसतं का हे?"

नियमात! मला असा राग आला की बस. मी उठून उभी राहिले. "बसतं. दुसरा नियम वाच. आत आलेली प्रत्येक बाई. तिथं सवाष्ण असं लिहिलेलं न्हाई."

आवाज जरा जास्तच चढला असावा. पोरीनं गडबडीनं कुपन दिलं. म्हातारी थेट माझ्यापाशी येऊन बसली, कुपन उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "तुझं कुठाय?"

"मला नसतं. मी कामात हाय."

"काहून नसतं?"

"तसा नियम हाय."

"कुणी केला?"

"मीच."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "घ्या! मला लोकं आडवतेत," ती म्हणाली, "तू तर आधीच आडून बसलीस."

पुढं मी डबा हलवला, चिठ्ठी काढली, नंबर पुकारला. एका नव्या सुनेला पैठणी लागली, टाळ्या झाल्या. म्हातारीनं तिचं कुपन पदराच्या गाठीत बांधलं आणि गेली. घरी आल्यावर मी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. तिचं बोलणं वर्षभर डोक्यातून गेलं नाही.

परवा अध्यक्षीण पुन्हा आली, तोच कागद घेऊन. "काकू, नियम तेच ठेवायचे ना? अन् चिठ्ठी तुमीच काढताव ना?"

"नियम तेच ठेव, सहावा सुद्धा. चिठ्ठी मात्र दुसऱ्या कुणाला काढायला लाव. मी यंदा कामात न्हाई."

"मंग येत न्हाई व्हय तुमी?"

"येते की. दारातून येते, सगळ्यांसारखी."

तिचा चहाचा कप हातातच राहिला. आधी तिला कळलं नाही, मग कळलं. तिची नजर माझ्या कपाळावर गेली आणि तिथंच थांबली.

"या की, काकू," ती हळूच म्हणाली.

ह्या वेळी मी चष्मा शोधायला उठले नाही.