व्हिएन्नासाठी दोन धट्टीकट्टी माणसं

"तिकडे दोन धट्टीकट्टी माणसं बुक करा. तीनही दिवस. आईला उचलायला."

प्रसन्न पुढच्या सीटवरून मागे वळून मला सांगत होता. मीटिंग गाडीतच चालली होती, कारण बेंगळुरूच्या इंदिरानगरातलं आमचं ट्रॅव्हल ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. लोकांना जग दाखवायचा धंदा आम्ही जिन्याच्या वर बसून करतो. हे मी आमच्या कामत सरांना तोंडावर सांगितलं आहे. त्यांनी दर वेळी चहा मागवला.

माझ्या शेजारी बसल्या होत्या प्रसन्नच्या आई, अनसूयाअक्का. मूळच्या निपाणीच्या. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत गिअर कापायचं वर्कशॉप त्यांनी बरीच वर्षं एकटीनं चालवलं. मग मणक्याचा आजार झाला आणि पाय गेले. आता सर्जापूर रोडला मुलाकडे असतात. सोसायटीत बॅटरीच्या खुर्चीवरून सुसाट फिरतात, पण फक्त गेटपर्यंत. गेटबाहेर फुटपाथ आहे, आणि फुटपाथवर ट्रान्सफॉर्मर, उखडलेल्या फरशा, पार्क केलेल्या स्कूटर. या फुटपाथांविरुद्ध मी रविवारी पत्रकं वाटते. लोक त्यात भजी बांधून घेतात.

"मला व्हिएन्नातलं ते चाक बघायचंय," अक्का म्हणाल्या. "लोखंडाचा तो मोठा पाळणा. शंभर वर्षांहून जुना, अजून फिरतोय. एवढं वजन कशावर पेललंय ते जवळून बघायचंय."

"आई, ते पॅनोरामिक टूरमध्ये आहे ना."

पॅनोरामिक हा आमच्या धंद्यातला गोड शब्द. म्हणजे बस थांबत नाही. शहर काचेतून बघायचं आणि घरी येऊन 'पाहिलं' म्हणायचं. ज्येष्ठांच्या ट्रिपमध्ये हा माल सगळ्यात जास्त खपवला जातो.

"आणि माझी खुर्ची?" अक्कांनी विचारलं.

"ती घरी. केवढी जड आहे! घडीची नेऊ, उचलायला सोपी."

"घडीची ढकलायला माणूस लागतो. तुम्ही दमता. मग मीच म्हणते, जा रे, मी बसते इथं. म्हैसूरचा राजवाडा मी पार्किंगमधून बघितला, प्रसन्ना."

प्रसन्न वाईट मुलगा नाही. देवळात, लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेत, सगळीकडे चार जण आईची खुर्ची उचलतात आणि तो पाचवा असतो. त्यानं जग असंच बघितलंय. पण मला संताप आला.

वर येऊन मी कामत सरांशी भांडले. "क्लायंटला माणसं हवीत, तर माणसं दे," ते म्हणाले. "इथे मोर्चा काढू नकोस."

मी मेल केला. परदेशात आमच्या वतीनं गाड्या, गाइड बघणारी स्थानिक कंपनी असते, तिला आम्ही ग्राउंड हँडलर म्हणतो. व्हिएन्नातल्या कंपनीत इन्ग्रिड नावाची बाई आहे. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: दोन माणसं कोणत्या पायरीसाठी?

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आपल्याकडे पायरी असणारच, हे आपण धरूनच चालतो. कोणती, असं कुणी विचारत नाही. त्या शहरात विचारतात!

मग मी आमचा प्लॅन घेतला आणि एकेक जागा तिला विचारत गेले. मेट्रो? लिफ्ट आहे. ट्राम? नव्या ट्राम जमिनीलगतच्या आहेत, ड्रायव्हर फळी टाकतो. चित्रांचं संग्रहालय? बाजूच्या दारानं नाही, मोठ्या मानानं आत जाता येईल अशा रस्त्याचा तिनं फोटोच पाठवला. चाक? डब्याचं दार किती रुंद, तेही मोजून कळवलं. हे काही आभाळातून पडलेलं नाही. तिथेही कुणीतरी वर्षानुवर्षं भांडलं असणार, कुणाची तरी पत्रकं वाया गेली असणार. पण शहरानं ऐकलं. मला हेवा वाटला आणि मनापासून कौतुकही.

पायऱ्या सापडल्या त्या एकाच ठिकाणी. प्रसन्ननं हौसेनं निवडलेल्या जुन्या, देखण्या हॉटेलच्या दारात.

मी त्याला फोन केला. "माणसं फक्त हॉटेलला लागतायत. हॉटेल बदला, माणसांची गरजच नाही."

"पण त्याचे रिव्ह्यू काय भारी आहेत!"

"रिव्ह्यू लिहिणारे चालत आत गेलेत."

फोन स्पीकरवर होता. मागून अक्कांचा आवाज आला. "सरी, बरोबर आहे तिचं. ठरलं. हॉटेल बदल. आणि माझी खुर्ची येणार."

"आई, बॅटरीला एअरलाइन परवानगी..."

"ती मी काढते," मी म्हटलं. काढली.

ट्रिपच्या शेवटच्या दिवशी दुपारी ऑफिसात प्रसन्नचा फोन आला. तिकडे सकाळ होती. "आई रूममध्ये नाही! खुर्ची नाही! फोन उचलत नाही! तुम्हीच तिला भरीला घातलंत!"

मी इन्ग्रिडला मेसेज टाकला, अक्कांना फोन लावत राहिले. भाषा येत नाही, शहर परकं, बॅटरी संपली तर?

तेवढ्यात अक्कांचाच व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी आभाळ, मग लोखंड.

"अगं बघ, रिव्हेट! एकेक हातानं ठोकलेला. काय काम केलंय गड्यांनी!"

"अक्का, प्रसन्न शोधतोय! फोन का नाही उचललात?"

"डब्यात होते. वरून गाव बघत होते. तो मीटिंगमध्ये उचलतो होय माझा फोन?"

"तुम्हाला नेलं कुणी?"

"कुणी कशाला न्यायला हवं? ट्रामवाल्यानं फळी टाकली, मी चढले. आणि ऐक, एक माणूस वळून बघत नाही. कुणी 'अय्यो पाप' म्हणालं नाही." अय्यो पाप म्हणजे अरेरे, बिचारी. बेंगळुरूत हे त्यांना लिफ्टमध्येसुद्धा ऐकावं लागतं. "स्वल्प थांबते अजून. त्याला सांग, नाश्ता करून घे."

प्रसन्ननं परत येऊन कामत सरांकडे तक्रार केली: तुमच्या प्लॅनरनं माझ्या आईला नको इतकी माहिती दिली. सरांनी मला बोलावून ती वाचून दाखवली. मग पुढच्या ज्येष्ठांच्या ग्रुपचा प्लॅन माझ्यापुढे सरकवला. "यातलं पॅनोरामिक काढ," म्हणाले.

धडा साधा आहे. बुकिंग मुलगा करतो, पण फिरायला आई जाते. प्रश्न तिला विचारायचे.