तिकिटातला चहा
वेलदोड्याच्या चहाचा वास आला, की हिंगोलीतला नाटकाचा तो दुपारचा प्रयोग आठवतो. सासूबाईंना शुगर, मध्येच साखर उतरली तर असावा म्हणून सोबत नेलेला गूळ, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणत दारावरच्या माणसानं काढून घेतला होता. मध्यंतरात त्यांचे हात थरथरायला लागले, कपाळ घामानं भिजलं. मी धावत जाऊन भरपूर साखरेचा चहा आणला. “केवढ्याला?” त्यांनी विचारलं. “साठ.” त्यांनी कप ढकलला. “एवढ्यात लिटरभर दूध येतंय. न्हाई पीत मी.” त्यांची मान कलायला लागली तशी मी ओरडले, “आत्याबाई, साठ बाहेरच्यांना! आपल्या तिकिटात फुकट हाय!” तेव्हा कुठं त्या प्यायल्या. जरा वेळानं डोळे उघडून म्हणाल्या, “मग तुझ्या तिकिटाचा काहून सोडतीस? आण की.” मी आणखी साठ रुपये देऊन चहा घेतला आणि तिथंच उभी राहून रडले. खरं काय ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.