सासरा जपानी कार्टून पाहाले बसला

पानठेल्यावरचा चुन्याचा डब्बा किती बी खरवडा, काठाले थोडा चुना चिकटून राहतेच. किस्स्यांचं बी तसंच हाय भाऊ. मानूस सुपारी-तंबाखूचा घोटलेला खर्रा घेते, दोन गोष्टी बोलते, गाडीले किक मारून निघून जाते. गोष्ट मातर ठेल्यावरच राहते. मंग मी ते दुसऱ्या गिऱ्हाइकाले देतो, थोडी घोटून.

मी काही शिकलेला मानूस नाही. चौथीत मी शाळेले सोडलं का शाळेनं मले, याच्यावर घरात अजून वाद हाय. पन औंदा आमच्या ठेल्यावर जपानी कार्टूनचा जो बाजार भरला, तो सांगतल्याशिवाय मले झोप नाही. तुमच्यापैकी कोनाले ते पाहाले सुरू करायचं असन त पयले आमचं ऐका. आमी जे केलं ते करू नका, म्हंजे झालं.

*

ठेल्यावर रोज बसनाऱ्या आमच्या मंडळातले दामोदर साहेब सरकारी हापिसात बडे बाबू होते. नोकरीतून रिटायर झाले, आवाजातून नाही झाले. एकच पोरगी, प्रांजली, बँकेत हाय. तिनं सोताच पोरगा पसंत केला. अक्षय नाव, काटोलचा, घरी संत्र्याचा बगीचा, नागपुरात कम्प्युटरची नोकरी. नाव ठेवाले कुठी जागाच नाही, त्याच्यानं साहेब बेचैन.

मंग पोराचं घर पाहाले काटोलले गेलो. साहेब, त्यांची बायको वच्छला वहिनी आनि मी. मी कोन लागतो म्हनान, त मी ठेलेवाला. पन सोयरिकीत बोलनारा एक मानूस लागते, आनि साहेब फक्त ओरडू शकतात.

पोराच्या खोलीत काचेची आलमारी. आत लाइटिंग, आनि लाइटिंगीत ओळीनं मूर्त्या. एकीचे केस निळे, एकीच्या हातात तलवार, एकीले मांजरीचे कान. वहिनीनं पाहिलं न पाहिलं, डोक्यावर पदर घेतला, देवघरातलं हळदकुंकू आनलं आनि निळ्या केसावालीच्या कपाळाले लावून हात जोडले.

"कुलदैवत लय जागृत दिसते," म्हने.

पोराचा चेहरा असा झाला जसं कुंकू त्याच्याच डोळ्यात गेलं. ते बाहुली त्यानं जपानातून मांगवली होती. त्यानं कुंकू पुसाले रुमाल काढला, आनि वहिनीकडं पाहून परत खिशात टाकला. त्याच्या बापानंच सांगून टाकलं, "देव नाही जी ते. पोरगा कार्टून पाहते."

वापस येताना साहेब काटोलपासून नागपुरापर्यंत एकच वाक्य बोलले. "एवढा मोठा घोडा, आनि कार्टून पाहते."

*

घरी आल्याबरोबर साहेबानं सोयरीक मोडाची म्हनली. प्रांजलीनं ना रडारड केली, ना जेवन सोडलं. तिनं बापाले बापाच्याच भाषेत पकडलं.

"बाबा, फाइल पुरी पाहिल्याशिवाय मी सही करत नोहतो, असं तुमी सांगता नं? मंग एक सिरीज पुरी पाहा. त्याच्यानंतर नाही म्हना, मी आवाज काढनार नाही. पन पुरी पाहाची."

फाइल पाहून सही केल्याचं साहेब सांगत खरे. त्यांच्या हापिसातल्या लोकायले हे ऐकवलं असतं त हसून हसून मेले असते. पन पोरीसमोर साहेबाले मागे सरकता येइना. कबूल झाले.

सिरीज प्रांजलीनंच निवडली. समुद्राकाठचं मासे पकडनारं गाव, तिथली मोडकी शाळा, आनि त्या शाळेतल्या पोरींची व्हॉलीबॉलची टीम. पन हे आमाले तवा माहीतच नोहतं. साहेबाले घरी कार्टून पाहाची लाज वाटे, खिडकीतून शेजारी पाहतीन म्हनून. त्याच्यानं पोरीचा मोठा फोन घेऊन ते ठेल्यावर आले. म्हंजे एका शेजाऱ्यापासून वाचाले अख्ख्या चौकात येऊन बसले.

*

नवीन मानसानं पयले भाषा पाहून घ्यावी. आमी नाही पाहिली. बोलनं सारं जपानी, आनि खाली इंग्रजी अक्षरं पळून राहिली. साहेबाचा चष्मा घरी. मी त मराठी बी जोर लावून वाचतो. मंग आमच्यातले शिकलेले गुरुजी पुढं झाले. ते हेडमास्तर होते. त्यांनी शाळेत धडा वाचतात तसं सुरू केलं, खडखडीत, पूर्णविरामावर थांबून. त्यांचं एक वाक्य संपे तोवर फोनातली पोरगी खाऊनपिऊन, शाळेत जाऊन वापस घरी आलेली राहे.

मी म्हनलं, सरका गुरुजी, मी सांगतो.

"तुले इंग्रजी येते?" साहेब म्हने.

"मले जपानी येते," मी म्हनलं, आनि सुरू झालो.

मी सांगतलं का हे आखूड केसावाली पोरगी म्हनते, बापाच्या वावरात मले वाटा पाहिजे. ते मधात जाळी दिसते नं, ते धुऱ्याबांधावरचं कुंपन हाय. तिकडच्या साऱ्या चुलत बहिनी. ह्या गोटा फेकतात त्यायच्या वावरात, त्या फेकतात ह्यायच्या वावरात. आनि शिट्टीवाला बाप्या उंच खुर्चीवर बसला हाय, तो तलाठी.

"बरोबर," साहेब बोलले, "तलाठी असाच वरून पाहते, करत काही नाही."

साहेब एवढे रंगले का घरी जाऊन पोरीले सांगतलं, काय जमाना आला, पोरी बापाच्या वावरात वाटा मांगून राहिल्या, यायले कोर्टात खेचलं पाहिजे. प्रांजली म्हने, बाबा, ते व्हॉलीबॉल हाय. साहेब चष्मा शोधाले लागले. पन तिकून वच्छला वहिनीनं ऐकलं होतं. तिनं शांतपनं ईचारलं, "मंग माझ्या बापाच्या वावराचा वाटा तुमी कायले घेतला होता जी?"

दुसऱ्या दिवशी साहेब ठेल्यावर येऊन माझ्याशी बोल्ले नाहीत. खर्रा मातर घेतला.

*

मंग प्रांजलीनं हिंदी आवाजातली सिरीज लावून देली आनि माझी नोकरी गेली. पन मानूस रिकामा बसला का त्याले सुचते.

या सिरीजीत दरवेळी सुरवातीले एक गानं लागते. साऱ्या पोरी वारा खात आभाळाकडं पाहतात, केस उडतात, पक्षी उडतात. मी साहेबाच्या कानात म्हनलं, उभे राहा, त्यायचं राष्ट्रगीत हाय. सरकारी मानूस तो. ताडकन उभा! गुरुजीले माहीत होतं का मी खोटं बोलून राहिलो, पन साहेब उभे हायत आनि आपन बसलो, हे हेडमास्तराले जमते का? ते बी उभे.

दोघे डोकरे सावधान उभे पाहून खर्रा घ्यायले आलेले पोट्टे उभे राहिले. पोट्टे उभे पाहून आटोवाल्यानं आटो बंद केला. आमच्या चौकातला ट्राफिक हवालदार, ज्याले मी आजवर कोनत्याच कारनासाठी सरळ उभं पाहिलं नाही, तो शिट्टी खिशात टाकून ताठ झाला.

गानं संपलं तवा तो हळूच मले ईचारे, "कोन्ता मंत्री आला होता बे?"

साहेबाले खरं कळलं बऱ्याच भागांनंतर. तवरी अर्ध्या चौकाले चाल पाठ झाली होती.

*

दुसरं एक सांगून ठेवतो. यात कोनी बॉल वर मारला का तो लवकर खाली येत नाही. बॉल हवेत राहते आनि पोरीले सारं आठवते. आई आठवते, बालपन आठवते, पावसात पडलेली चप्पल आठवते. तिकडची पोरगी बी तेच करते. गुरुजी एका बॉलच्या टायमाले उठले, घरी जाऊन जेवले, पडले, चहा घेऊन वापस आले, त साहेबानं तोच भाग तिसऱ्यांदा लावला होता. बॉल हवेतच.

"अजून नाही पडला?" गुरुजी म्हने. "हे पोट्ट्यांचं काम हाय साहेब. शहान्या मानसानं एवढा टाइम कायले फुकट घालवावा?"

मी म्हनलं, गुरुजी, तुमच्या घरी टीव्हीवर जे सून आरतीचं ताट घेऊन दारात उभी हाय, ते आत गेली का?

गुरुजीनं थोडा ईचार केला. "नाही," म्हने, "काल दिवा विझला तिचा. आज सासू कोनावर तरी आळ घेइनच." आनि घाईघाईनं घरी निघाले, त्यायचा टाइम झाला होता.

*

एका रविवारी साहेब ठेल्यावर आलेच नाही. मी पाहाले गेलो. वच्छला वहिनी दारातच बसून होती, तोंड कडू करून. घरात मटन आनलेलं, मसाला वाटलेला, आनि साहेब म्हने का आज घरात मटन शिजनार नाही.

"काहून जी?" मी ईचारलं.

"म्हातारी गेली," साहेब बोलले. दाढी वाढलेली, नाक लाल.

मले वाटलं त्यांची रामटेकची मावशी. म्हनलं, कवा गेली, मले काहून नाही सांगतलं? त कळलं का गेलेली म्हातारी त्या सिरीजीतली. रोज पोरीयले भाताचे गोळे करून खाऊ घाले ते. मावशी रामटेकले खनखनीत होती, आनि तिच्याकडं साहेब दोन वर्षांत फिरकले नोहते. हे मी त्यायले म्हनलं बी. त्यायनं ऐकलं नाही असं दाखवलं.

तेवढ्यात शेजारच्या बायका भेटाले आल्या. कोन गेलं म्हनून वहिनीले ईचारून राहिल्या. वहिनी काय सांगन? ते म्हने, "यायच्याकडची होती, लांबची."

*

होता होता साहेबाचा एकच भाग राहिला. शेवटचा, फायनलचा. तो त्यायनं संध्याकाळसाठी राखून ठेवला, ताटातला गुलाबजाम ठेवतात तसा. तोवर मी ना हो म्हननार ना नाही, असं साहेबानं बजावलं होतं. पन काटोलवाले त्याच दिवशी सकाळी उत्तर घ्यायले आले. मले आनि गुरुजीले बी बोलावनं होतं. प्रांजलीनं पोहे केले, आनि परद्याआड जाऊन उभी राहिली. आज बाप जे म्हनन ते ऐकाचं, असा शब्द तिनंच देला होता.

पोराच्या बापाले वाटलं, साहेब अजून रागातच हायत. तो लोनी लावाले लागला. म्हने, "लगन झालं का सुटन याचं येड. त्या साऱ्या बाहुल्या संत्र्याच्या पेटीत भरून भंगारात देतो."

अक्षयनं मान खाली घातली.

"बाहुल्यायले हात नाही लावाचा," साहेब म्हने. आवाज न चढवता म्हने, हे पयल्यांदाच.

मी पाहिलं का गाडी रुळावर येऊन राहिली. पन माझा हात मांगं राहते का? मी पोराच्या कानाशी वाकलो. जवाईबापू, म्हनलं, साहेबाशी त्या सिरीजबद्दल बोला दोन शब्द, खुश होतीन.

पोराचा चेहरा खुलला. पयल्यांदा या घरात त्याले बोलाले काही भेटलं होतं. तो पुढं सरकून बोल्ला, "बाबा, शेवटी त्या फायनल हरतात नं, तवा मी बी लय रडलो होतो."

साहेबानं पोह्याची प्लेट खाली ठेवली. चमचा प्लेटीत सरळ केला.

"आमाले ही सोयरीक मंजूर नाही."

पोराचा बाप गडबडून ईचारून राहिला का काय झालं, काय चुकलं. गुरुजीनं त्याले हळूच सांगतलं, तुमच्या पोरानं शेवट सांगतला. त्या मानसाले वाटलं शेवट म्हंजे घरान्यातला काही रोग हाय. तो शपथा घ्यायले लागला का आमच्यात कोनालेच नाही जी. आनि मी, चौकाले उभं करनारा मानूस, पोह्यातले शेंगदाने येचत बसलो.

अक्षय उठला आनि साहेबासमोर सतरंजीवर बसला.

"बाबा, मी खोटं बोल्लो. शेवट तसा नाही हाय."

"मंग कसा हाय?"

"ते नाही सांगनार. सोयरीक मोडली तरी नाही सांगनार. तुमी सोता पाहा."

साहेबानं त्याच्याकडं पाहिलं. हापिसात लोकायले ज्या नजरेनं दुपारपर्यंत ताटकळत ठेवत, त्या नजरेनं पाहिलं. पोरानं डोळे खाली केले नाहीत.

साहेबानं प्लेट परत उचलली.

"वच्छला," म्हने, "जवायाले गोड आन वं."

परद्याआड प्रांजली होती. तिनं ते सिरीज पुरी पाहिली हाय, पोरगा खोटं कवा बोल्ला ते तिलेच माहीत. हसू दाबाले तोंडात ओढनी कोंबून भिंतीले टेकली होती, आनि तिचे खांदे हालून राहिले होते.