जाईबाईचा बोलपट

"भरलं माजघर," कलावतीनं थेटराच्या बोर्डावरची अक्षरं मोठ्यानं वाचली. "सहकुटुंब पाहावा असा जुना बोलपट. दुपारचा खेळ खास महिलांसाठी."

तिच्या मागून येणारी तिची आई, जाईबाई, जागच्या जागी थांबली.

"काय गं जाये? चप्पल तुटली काय?" सासूनं, ठमाबाईंनी विचारलं.

"न्हाय आत्या. डोकं धरलंय. तुम्ही बघून या. मी घरला जाते."

"पाव्हन्यांना सोडून घरला जाते? येडी झालीस काय?" ठमाबाई दबक्या आवाजात बोलल्या, कारण पलीकडेच आनंदीबाई उभ्या होत्या.

आनंदीबाई पडघ्याहून सकाळच्या एस.टी.नं कलावतीला बघायला आल्या होत्या. त्यांचा मुलगा दामू ट्रान्सपोर्टच्या कचेरीत कारकून होता. पोहे झाले, विचारपूस झाली, मुलगी पसंत पडल्यासारखी वाटत होती. पण आनंदीबाईंनी होकार अजून तोंडातून काढला नव्हता. जेवणं झाल्यावर त्याच म्हणाल्या, "थेटरात आपल्या वेळचा घरगुती बोलपट लागलाय म्हणं. चला, पोरीसंगं जरा बसते, मंग सांगते." पुरुषमाणसं, म्हणजे जाईबाईचा नवरा बाळाराम आणि मुलाचा काका काळूराम, भिवंडीच्या त्या दोन खोल्यांतच सुपारी कातरत बसली. चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा होता. शेजारच्या कापड कारखान्यातले लूम खटखटत होते, म्हणून बायका बाहेर पडल्या तेव्हा कोणता बोलपट, हे जाईबाईला नीट ऐकूही आलं नव्हतं.

आता परत फिरणं म्हणजे पाहुणीचा अपमान. जाईबाई आत गेली.

त्या बोलपटात तिनं काम केलं होतं. ही गोष्ट सासरी कोणालाच ठाऊक नव्हती, आणि माहेरी ठाऊक असलेली माणसं केव्हाच मरून गेली होती.

तिचा बाप चिंधू मूळचा अंबाडीकडचा. शेतात भागेना म्हणून सुतारकी शिकला आणि बायकोपोरीला घेऊन मुंबईला गेला. तिथं एका फिल्म कंपनीत त्याला काम मिळालं. तो घरं बांधायचा, पण नुसती पुढून घरं. मागं फळ्या आणि टेकू. लहानगी जाई त्याच्या डब्याच्या वेळेला तिथं जायची आणि भुशात खेळत बसायची. बोलपटात काम करणारी एक छोटी मुलगी ऐनवेळी गोवरानं आजारी पडली, तेव्हा दिग्दर्शकानं, ज्याला सगळे मास्तर म्हणत, भुशातल्या जाईला उचलून आरशासमोर बसवलं. बापाला अभिमान वाटला. आई मात्र पहिल्या दिवसापासून नको म्हणत होती.

पुढं एक प्रसंग आला. पोरीनं रडायचं होतं. जाईला रडू येईना. गालाला कांद्याचा रस लावला, दटावलं, तरी येईना. मग मास्तर खाली वाकले आणि हलकेच म्हणाले, "जाई, तुझा बाप शिडीवरनं पडला गं. गेला." पुढचं तिला तुटक तुटक आठवत होतं: डोळ्यांवर आलेला पांढरा उजेड, आपलाच आवाज, आणि मग कुठूनतरी येऊन बापानं उचलून घेतलेलं. त्याच दिवशी चिंधू मास्तरांशी भांडला आणि त्याचं ते काम गेलं. बोलपट लागण्याआधीच एका गिरणीचं छप्पर दुरुस्त करताना तो खरोखर पडला, आणि गेला.

"पोरीपाशी अभद्र बोलला तो मास्तर," आई म्हणायची. भावाच्या घरी अंबाडीला परत आल्यावर तिनं जाईला देवासमोर उभं केलं आणि शपथ घातली: सिनेमाचं नाव काढायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. सांगितलं असतं तर लग्नही झालं नसतं. तेव्हा सिनेमात तोंड दाखवलेल्या पोरीला कुणब्याच्या घरात कोण करून घेणार? जाईनं शपथ पाळली. त्यानंतर ती कोणताच सिनेमा बघायला गेली नाही. घरचे म्हणायचे, हिला अंधारात घुसमटतं. आज पाहुणीला नाही म्हणता येईना, म्हणूनच ती निघाली होती.

बाकावर चौघी ओळीनं बसल्या. आधी कलावती, मग आनंदीबाई, मग ठमाबाई, आणि कडेला जाईबाई. दिवे गेले. पडद्यावर पावसासारख्या रेघा आल्या आणि खरखर सुरू झाली.

गोष्ट साधी होती. दोन भाऊ, एक घर, जावाजावांत भांडण, आणि मग माजघराच्या मधोमध घातलेली भिंत. बायकांना पाठ असावं तसं सगळं. त्या हसत होत्या, नाक ओढत होत्या, खलनायिका जावेला शिव्या देत होत्या. धाकट्या भावाची मुलगी बकुळ परकराचा ओचा धरून धावत आली, तेव्हा जाईबाईनं डोळे मिटून घेतले.

"अगं बया," आनंदीबाई म्हणाल्या, "ही पोर बघा. तुमच्या कलावतीसारखी न्हाय दिसत? हनुवटी बघा ना."

ठमाबाई पुढं वाकल्या.

"असंल," ठमाबाई म्हणाल्या. "पन काय आयबाप असतील हिचे! कोवळी पोर उचलून ह्या धंद्याला लावली. लाज कशी वाटली न्हाय?"

"तर काय," आनंदीबाईंनी दुजोरा दिला. "पुढं काय झालं असंल बिचारीचं, देव जाने."

बकुळ पडद्यावर येत राहिली, जात राहिली. कधी काकूच्या ताटातला लाडू पळवायची, कधी दोन्ही चुलींपुढं बसून विचारायची, की मी आज कोणाकडं जेवू? दरवेळी थेटर हळहळायचं आणि जाईबाई पदर तोंडापर्यंत ओढून घ्यायची. आपल्याच आवाजातला बारीक चिरका सूर ऐकून तिला वाटायचं, आता कोणीतरी वळेल आणि विचारेल. कोणी वळलं नाही.

इंटर्वलला उजेड झाला. ती नळावर गेली, तोंडावर पाणी मारलं. थेटराचा दरवाजा उघडा होता, बाहेर ऊन होतं, हातगाडीवाला ओरडत होता. निघून जाता आलं असतं. चक्कर आली म्हणता आलं असतं. तेवढ्यात कलावती मागं येऊन उभी राहिली.

"आई, तुझे हात किती गार झालेत गं. काय होतंय?"

"काय न्हाय. चल, तुझी सासू वाट बघत असंल."

"अजून सासू झाली न्हाय," कलावती हसली. त्या हसण्यात भीती होती. फोटो बघूनच दामू तिला आवडला होता, हे जाईबाईला सकाळीच कळलं होतं. ती पुन्हा आत येऊन बसली.

भिंत उभी राहिली. बकुळचा बाप भांडून घर सोडून गेला. भिंतीच्या अलीकडं बकुळ एकटी उभी. कॅमेरा जवळ आला. जाईबाईला कळलं, हेच ते. तिनं बाकाची कड धरली. पडद्यावरच्या पोरीचं तोंड आधी कोरं होतं, मग कोणीतरी काहीतरी सांगितल्यासारखं ते एकदम फाटलं. "बाबा!" ती किंचाळली. मागं एक बाई हुंदके देऊ लागली. ते नाटकातलं रडणं नव्हतं, हे पाठीमागं बसलेल्या त्या बाईलाही कळलं असावं.

आणि मग त्या लाकडी भिंतीमागून एक आवाज आला. खरखरीत, घाईचा, खेड्यातल्या माणसाचा. शब्द निम्मे खरखरीत बुडाले होते. बाकीच्यांना एवढंच ऐकू आलं: "...ये, मी हाय हितं. काय न्हाय झालं."

पडद्यावरची पोर त्या भिंतीकडं वळली, आणि डोळ्यांत पाणी असताना हसली.

त्या काळी चित्र आणि आवाज एकाच वेळी घेत. चिंधू त्याच भिंतीमागं टेकू धरून उभा होता. लेकीची किंकाळी ऐकून त्याला राहवलं नाही. मास्तरांना बहुधा असं हसू पुन्हा मिळालं नसतं, म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं असावं. लगेच पुढं दारातून पडद्यावरचा बाप आत येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की हाक त्याचीच. जाईबाईला बापानं हाक मारल्याचं आठवतच नव्हतं. पण त्या अर्धवट "ये"च्या आधी "जा" होतं, हाक "जाये" अशी होती, हे त्या थेटरात तिला एकटीलाच कळलं.

ती उभी राहिली. "बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "बाबा!"

"ए बाय, बस की खाली!" मागून कोणी ओरडलं. टॉर्चचा उजेड तिच्या तोंडावर आला. "क्या हुआ, बाई? बैठो, बैठो," दारावरचा माणूस म्हणाला. ठमाबाईंनी तिचा हात धरून तिला खाली ओढलं. पडद्यावर भिंत पडली, भाऊ एक झाले, आरती झाली. ठमाबाईंनी सुनेचं मनगट सोडलं नव्हतं.

बाहेर थेटराच्या भिंतीच्या सावलीत आल्यावर आनंदीबाईंनी विचारलं, "काय झालं हो ह्यांना?"

"तिला कधी कधी घेरी येते," ठमाबाई चटकन म्हणाल्या. "लहानपणी बाप गेला ना, त्याची आठवण झाली असंल. उन्हाचा तरास. दुसरं काय न्हाय."

सासूनं दार उघडून दिलं होतं. नुसती मान हलवायची होती. जाईबाईनं कलावतीकडं पाहिलं, आनंदीबाईंकडं पाहिलं.

"न्हाय आत्या," ती म्हणाली. "घेरी न्हाय. ती पोर मी हाय. आनि भिंतीमागनं बोलला तो माझा बाबा."

ठमाबाईंचा हात मनगटावरून गळून पडला. आनंदीबाईंनी तिच्या हनुवटीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पाचची गाडी गाठायला हवी." घरी आल्यावर त्यांनी काळूरामांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. निघताना त्या कलावतीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. शब्द एवढाच बोलल्या, "कळवते."

बाळारामाला सगळं त्याच्या आईनं सांगितलं. तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "माझ्यासंगं इतकी वर्षं काढलीस. मला तरी सांगायचंस." आणि ड्युटीची वेळ झाली नसतानाही डबा न घेता कारखान्याकडं निघून गेला.

आठवड्याच्या आत पडघ्याहून निरोप आला. काळूरामांनी सांगून पाठवलं होतं: मुलगी चांगली आहे, पण सिनेमात काम केलेल्या बाईची लेक आमच्या घराला नको. निरोप आणणारा माणूस पाणी पिऊन गेला. कलावतीनं त्याचा पेला उचलला, धुतला, आणि मोरीतच बसून राहिली. जाईबाई तिच्याजवळ गेली.

"माझ्यामुळं झालं, बाय."

"झालं," कलावती म्हणाली. तिनं खोटं सांगितलं नाही. मग वर बघून म्हणाली, "पन तू आधी सांगितलं असतंस ना, तर मी त्या पोरीकडं नीट बघितलं असतं."

ठमाबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. पोथी वाचताना समोर बसवायच्या ते बंद केलं, हातचं पाणी घेणंही बंद केलं. शेजारणींना ह्याचं कारण काही सांगितलं नाही, हेच काय ते नशीब. त्यांचा राग सिनेमावर नव्हता. एकदा बाळारामाला म्हणाल्या, "खोट्यावर माझ्या घरात आली," आणि जाईबाई ते भाकऱ्या थापत ऐकत होती. आणि ते खरं होतं.

बोलपट उतरायच्या दिवशी बाळाराम शिफ्ट बदलून कुठंतरी गेला. संध्याकाळी आला तो सरळ चुलीपाशी येऊन बसला.

"जाऊन आलो," तो म्हणाला.

"कुठं?"

"थेटरात. सासऱ्याचा आवाज ऐकून आलो." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "गावचाच हाय की. आपल्यासारखाच बोलतो."

जाईबाई तवा उतरवायचं विसरली. बाहेरच्या खोलीत ठमाबाई पडून होत्या. भाकरी करपल्याचा वास गेला असावा, किंवा बोलणं ऐकू गेलं असावं, तिकडून आवाज आला, "जाये, तुझा बापूस दिसाया कसा व्हता?" जाईबाई उठून त्यांच्या पायथ्याशी जाऊन बसली. सांगायला लागली तर तिला जाणवलं, की बापाचं तोंड तिला नीटसं आठवत नाही. हातांवरचे रंध्याचे घट्टे आठवतात. तिनं तेच सांगितलं. ठमाबाई म्हणाल्या, "बरं. निज आता."

पुढच्या वर्षी माघात अंबाडीकडचं दुसरं स्थळ आलं. मुलाचं नाव लडकू, एस.टी.च्या डेपोत फिटर. माणसं चटईवर टेकली, कलावती अजून बाहेर आली नव्हती, पोह्यांच्या बश्या आत मांडल्या जात होत्या. जाईबाई बाहेर आली, पदर नीट केला आणि सगळ्यांसमोर बोलली, "काही विचारायच्या आधी एक ऐका. मी लहानपणी एका बोलपटात काम केलंय. मागनं कळून मोडण्यापरीस आत्ताच सांगते."

बाळारामानं मान खाली घातली. ठमाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "आनि चांगलं केलंय. मी बघितलंय."

मुलाच्या बापानं, मोरू पाटलांनी, एकदा बायकोकडं पाहिलं. "आमची ही रोज तीन तास रेडिओवर सिनेमाची गानी लावते," ते म्हणाले, "आता सिनेमाच्या गोष्टी ऐकायला तुम्हाला रोज बोलवंल." मग ते गंभीर झाले आणि बाळारामाला विचारू लागले, की कलावतीला शेतीचं काम येतं का.

लग्न वैशाखात झालं. आनंदीबाई पडघ्याहून आल्या नाहीत, पण एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी कलावतीसाठी खण पाठवला. काळूरामांना न सांगता पाठवलाय, असं तो माणूस म्हणाला. जाईबाईनं तो लेकीच्या ओटीत घातला.